कूलरसमोर

मे महिन्यात आमच्या नंदनवनच्या घरी
सिनेमा ऐकू येत नाही.
एकतर कूलर बंद करून घामात संवाद ऐका,
नाहीतर गार वाऱ्यात बसून तोंडं बघा.
आम्ही तोंडं बघतो.

ताटीवर पाणी ठिबकतं,
पंखा मालगाडीसारखा धडधडतो,
आणि पडद्यावर कुणीतरी कुणाला
फार महत्त्वाचं काही सांगत असतं.
"काय म्हणून राहिला बे तो?" बाबा विचारतात.
कुणालाच माहीत नसतं.
मग तेच सांगतात, "पैसे मागून राहिला."
बाबांच्या मते सगळ्या सिनेमांत
सगळे पैसेच मागतात.
एकतीस वर्षं पतसंस्थेत होते.

आई सांबार निवडत अर्धा डोळा वर ठेवते.
तिचं मत ओट्यावरून ठरतं.
दहा भागांची ती खुनाची मालिका
तिने नवव्या भागावर सोडली.
"बाई रोज चार माणसांचं रांधते
अन् शेगडीवर एक डाग नाही. खोटं आहे सगळं."
खून कुणी केला
ते तिला आजही नको आहे.

वरच्या पराते काकू
त्यांच्या कूलरची मोटर जळल्यापासून आमच्याकडेच.
त्यांनी सगळं आधीच मोबाइलवर पाहिलेलं.
"शेवट बेकार आहे, पण पाहा."
शेवट सांगत नाहीत, तेवढं पथ्य पाळतात.
फक्त मध्येच एक लांब सुस्कारा,
की आम्ही समजतो,
आता कुणीतरी जाणार.

खाली इंग्रजी अक्षरं पळतात
हिंदी सिनेमाच्या,
आणि ती मराठीतून ओरडून सांगायचं काम माझं.
परवा भर दुपारी मी बोंबलले,
"मी तुझ्यावर कधी प्रेम केलंच नाही!"
तर फाटकाशी टरबुजाची गाडी थांबली.
गाडीवाल्याने आत वाकून पाहिलं,
बाबांकडे जरा दयेने.

त्या मंगळवारी साडेतीनला लाइन गेली.
आमच्या इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो,
कूलर नाही.
पंखा फिरत फिरत मंदावला, थांबला,
शेवटचा थेंब बादलीत पडला,
आणि घरात अचानक
एका म्हाताऱ्याचा आवाज.

तो फोनवर होता. तासभर आम्ही त्याला
कर्जबाजारी समजत होतो.
तो म्हणत होता,
नाही, इकडे सगळं बरं आहे.
तू नको येऊ एवढ्यात.
ऊन फार आहे.

आईचा हात काडीवर थांबला.
मी वाचायचं विसरले, वाचायची गरज नव्हती.
पराते काकूंकडे पाहिलं मी,
त्यांनी सुस्कारा टाकला नव्हता.
म्हणजे इथे कुणी जाणार नव्हतं.
म्हातारा नुसता फोन ठेवून
बंद फोनकडे बघत बसणार होता.

रविवारी दादाचा बंगळुरूहून फोन आला तेव्हा
ऊन फारच होतं. बाबांनी सांगितलं होतं तसं.

"पैसे नव्हता मागत," बाबा म्हणाले.
आम्ही कुणी काही म्हणालो नाही.
घामाने बनियन पाठीला चिकटलं त्यांचं,
तरी पुठ्ठ्याचा पंखा हातात घेतला नाही.

पावणेपाचला लाइन आली.
कूलर खोकला, मग लागला.
आई म्हणाली, "पाणी पाहा टाकीत."
पडद्यावर पुन्हा नुसती तोंडं,
हलणारी, मोठाली.

रात्री गच्चीवर गाद्या घालताना
काकूंनी विचारलं, "मग? कसा वाटला?"
बाबा उशी झटकत म्हणाले,
"नाही जमला.
म्हातारा फार बोलते."